केळीत गेला की आउट : खेळाडूंनी घडवलेले क्रिकेटचे नियम

रावेर तालुक्यातील आमच्या गावाबाहेर, शाळेच्या मागे एक पडीक जागा होती आणि तिच्या पश्चिम अंगाला केळीची बाग होती. आमच्यातील एक मुलगा डावखुरा होता आणि त्याचा जोरकस फटका हमखास त्या केळीत जाई. चेंडू शोधायला आत शिरले की केळीचा चीक अंगावर पडे, सदऱ्यावर त्याचे काळपट डाग पडत आणि सदरा फाटेपर्यंत ते निघत नसत. शिवाय एखादा घड दुखावला तर बागवाल्याचे बोलणे ऐकावे लागे. शेवटी सगळ्यांनी मिळून नियम केला : केळीत गेला की आउट. एका मुलामुळे केलेला नियम सर्वांना लागू झाला आणि तो मुलगाही हळूहळू चेंडू जमिनीलगत खेळायला शिकला. आज तिथे बाग नाही, प्लॉट पडून घरे उभी राहिली आहेत. मागच्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा त्याच जागेत लहान मुले खेळत होती आणि चेंडू पश्चिमेच्या कुंपणापलीकडे गेल्यावर त्यांच्यातला एक जण ओरडला, “केळीत गेला, आउट!” त्या मुलाने तिथे केळीचे एक खोडही कधी पाहिलेले नाही.

गोलंदाजाने चेंडू न टाकता आपल्याच टोकाच्या फलंदाजाला धावचीत केले की दर वेळी देशभर वाद पेटतो. हे नियमात बसते का, हे सभ्य आहे का आणि या प्रकाराला ‘मंकड’ हे नाव का पडले, हे प्रश्न तेव्हा जळगावच्या चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत सगळीकडे विचारले जातात. त्यांचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मोठ्या खेळाडूच्या धावा आणि बळी विक्रमांच्या तक्त्यात राहतात आणि ते तक्ते कधी ना कधी मागे पडतात. परंतु ज्याच्या खेळामुळे नियमच बदलावा लागला, तो खेळाडू पुढच्या प्रत्येक सामन्यात हजर असतो, मग मैदानावरच्या कुणाला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो.

नियम मुळात कोण करते?

क्रिकेटचे मूळ नियम लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या, म्हणजे एमसीसीच्या ताब्यात आहेत. हा क्लब १७८७ साली स्थापन झाला. लेखी नियमांचा पहिला मसुदा त्याहून जुना, १७४४ चा आहे. आज मूळ नियमांची संख्या ४२ आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आयसीसी, म्हणजे क्रिकेटची आंतरराष्ट्रीय संघटना, त्यांच्या जोडीला स्वतःच्या अटी घालते. एकदिवसीय सामन्यातील क्षेत्ररक्षणाचे वर्तुळ किंवा एका गोलंदाजाला मिळणारी षटके या अटींत मोडतात.

हे नियम कसे वाढत गेले ते समजण्यासाठी धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या काठची फड पद्धत आठवावी. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, अशी ही शेकडो वर्षांची सामुदायिक सिंचनाची व्यवस्था आहे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे आणि पाणी कुणाला कधी मिळायचे याचे दंडक आधी रूढीने ठरले. अशा व्यवस्थेत कुणी वेगळ्या मार्गाने जास्त पाणी वळवले की गावाला बसून नवा दंडक घालावा लागतो. क्रिकेटचेही तसेच झाले आहे. नियम करणाऱ्यांनी भविष्य पाहून नियम लिहिले नाहीत. कुणीतरी जुन्या नियमातील मोकळी जागा शोधली आणि मग ती बुजवायची की तशीच ठेवायची यावर विचार झाला.

याचे सर्वांत जुने आणि सोपे उदाहरण बॅटच्या रुंदीचे आहे. १७७१ साली चर्टसी आणि हॅम्बल्डन या इंग्लिश संघांच्या सामन्यात व्हाइट नावाचा फलंदाज थेट यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. यष्ट्या पूर्ण झाकल्या गेल्यावर त्रिफळा उडणार कसा? हॅम्बल्डनच्या खेळाडूंनी लेखी हरकत घेतली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर, म्हणजे १०.८ सेंटिमीटरवर बांधली गेली. अडीचशे वर्षांनंतर आजही ती तेवढीच आहे. बॅट लाकडाचीच हवी ही अट मात्र बरीच अलीकडची आहे : डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिली यांनी ॲल्युमिनियमची बॅट आणली, इंग्लंडच्या कर्णधाराने तिने चेंडू खराब होतो अशी तक्रार केली आणि १९८० च्या नियमसंहितेत लाकडाची अट आली.

एका फलंदाजाला रोखण्यासाठी

फलंदाजाची सरासरी म्हणजे त्याच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागून येणारा आकडा. कसोटीत पन्नासची सरासरी असणारा फलंदाज थोर समजला जातो. ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांची सरासरी ९९.९४ होती. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी पाच कसोटींत ९७४ धावा केल्या, मालिकेतील सरासरी १३९.१४. एका मालिकेत इतक्या धावा आजवर दुसऱ्या कुणीही केलेल्या नाहीत. इंग्लंडपुढचा प्रश्न साधा होता : या माणसाला बाद करायचे कसे?

१९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कर्णधार डग्लस जार्डिन यांनी त्याचे उत्तर आणले. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांकडची बाजू म्हणजे लेग साइड. तिथे फलंदाजाच्या जवळ पाच-सहा क्षेत्ररक्षक उभे करायचे आणि हॅरल्ड लारवुड यांच्यासारख्या अतिवेगवान गोलंदाजाने आखूड टप्प्याचा चेंडू थेट छातीच्या किंवा डोक्याच्या रोखाने टाकायचा. त्या काळी हेल्मेट नव्हते. फलंदाजाने बॅट मध्ये घातली तर चेंडू उडून जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जाणार आणि न घातली तर तो अंगावर बसणार. वर्तमानपत्रांनी या डावपेचाला ‘बॉडीलाइन’ हे नाव दिले. ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचे कर्णधार बिल वुडफुल यांच्या छातीवर चेंडू बसला, यष्टिरक्षक बर्ट ओल्डफिल्ड यांच्या कवटीला इजा झाली आणि दोन्ही देशांच्या मंडळांत तारांची लढाई सुरू झाली. इंग्लंडने मालिका ४-१ ने जिंकली. लारवुड यांनी ३३ बळी घेतले आणि ब्रॅडमन यांची मालिकेतील सरासरी ५६.५७ झाली. दुसऱ्या कुणासाठी ही अभिमानाची सरासरी ठरली असती. ब्रॅडमन यांच्यासाठी ती जवळपास निम्मी होती.

पुढे अंगावर मारा करण्याच्या प्रकाराला आवर घालण्याचा अधिकार पंचांना मिळाला. १९५७ मध्ये लेग साइडला फलंदाजाच्या मागच्या भागात, यष्टिरक्षक सोडून, दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक ठेवण्यास बंदी आली. हा दुसरा बदल एकट्या बॉडीलाइनमुळे झाला असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण तोवर लेग साइडला चेंडू टाकत राहून धावा कोंडण्याची कंटाळवाणी चालही बोकाळली होती आणि तिला लगाम घालणे हा त्यामागचा मोठा हेतू होता. तरी परिणाम एकच झाला : जार्डिन यांनी लावलेले क्षेत्ररक्षण आज कुणालाही लावता येत नाही. ते लावले तर पंच नोबॉल देतात. चाळीसगावच्या मैदानावरचा पंच तिसरा क्षेत्ररक्षक मागे पाहून हात आडवा करतो, तेव्हा त्या खुणेमागे ब्रॅडमन यांच्या ९७४ धावाही काही अंशी असतात.

लारवुड यांची कथा मला नेहमी चटका लावते. कोळशाच्या खाणीतून आलेल्या या गोलंदाजाने कर्णधाराने सांगितले तेच केले. पण त्या मालिकेनंतर तो इंग्लंडकडून पुन्हा कधीही खेळला नाही. १९५० मध्ये तो सहकुटुंब स्थायिक झाला तो ऑस्ट्रेलियात, ज्यांच्या अंगावर त्याने चेंडू टाकले त्यांच्याच देशात, आणि त्या लोकांनी त्याला आपलेसे केले.

कोपराचा कोन म्हणजे काय?

कैरी पाडण्यासाठी आपण दगड भिरकावतो तेव्हा कोपर आधी दुमडते आणि मग झटक्याने सरळ होते. दगडाला जोर मिळतो तो या झटक्यातून. गोलंदाजी करताना मात्र हात विहिरीवरच्या रहाटासारखा खांद्यातून फिरावा आणि चेंडू सुटेपर्यंत कोपर नव्याने सरळ होऊ नये, अशी अपेक्षा असते. कोपर सरळ झाले तर ती ‘फेक’ ठरते. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. हात वाकलेला असणे हा दोष नाही. वाकलेला हात चेंडू टाकताना सरळ होणे हा दोष आहे.

श्रीलंकेचे मुथय्या मुरलीधरन यांचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. त्यामुळे त्यांचा हात पाहणाऱ्याला कायम वाकलेला दिसे आणि फेक केल्याचा भास होई. २६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्नच्या कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी त्यांना फेकीसाठी सात वेळा नोबॉल दिला. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्या चाचण्या होत राहिल्या. आयसीसीने तोवर किती अंशांपर्यंत कोपर सरळ झालेले चालेल याच्या मर्यादा ठरवल्या होत्या : फिरकी गोलंदाजासाठी ५ अंश, मध्यमगतीसाठी ७.५ आणि वेगवान गोलंदाजासाठी १०. मुरलीधरन यांचा ‘दूसरा’, म्हणजे ऑफ स्पिनसारखा दिसून उलट वळणारा चेंडू, या मर्यादेपलीकडे गेला.

मग वेगवान कॅमेऱ्यांनी इतर गोलंदाजही तपासले गेले आणि धक्कादायक बाब पुढे आली. ज्यांची शैली शुद्ध म्हणून वाखाणली जात होती, त्यांच्यापैकी बहुतेकांचे कोपरही चेंडू टाकताना थोडेफार सरळ होत होते. डोळ्याला ते दिसत नव्हते इतकेच. जुन्या मर्यादा काटेकोरपणे लावल्या असत्या तर मुरलीधरन यांच्यासोबत कित्येक नावाजलेले वेगवान गोलंदाज दोषी ठरले असते. म्हणून २००५ पासून सर्वांसाठी १५ अंशांची एकच मर्यादा आली. १५ अंश म्हणजे घड्याळाचा तासकाटा अर्ध्या तासात जेवढा सरकतो तेवढा कोन. साधारण त्याच्यापुढे गेल्यावरच डोळ्याला फेक जाणवते, हा त्यामागचा विचार होता.

मुरलीधरन यांच्यासाठी नियम सैल केला, असा आक्षेप आजही घेतला जातो. वाद त्यांच्यावरून सुरू झाला हे खरे आहे, पण नवी मर्यादा आली ती सगळ्यांच्या मोजमापातून, आणि माझ्या मते एका माणसाच्या अपमानातून खेळाला स्वतःकडे नीट पाहण्याची बुद्धी झाली. शिवाय ही मर्यादा सोयीची ठरली असेही नाही. २०१४ मध्ये तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा पाकिस्तानच्या सईद अजमल यांच्यावर बंदी आली आणि दूसरा टाकणारे गोलंदाज त्यानंतर झपाट्याने कमी झाले. मुरलीधरन यांनी मात्र जुलै २०१० मध्ये गॉल येथे भारताविरुद्ध शेवटच्या कसोटीतील आपल्या शेवटच्या चेंडूवर ८०० वा बळी घेतला.

आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत ‘फेकतोय’ म्हणून जे तंटे होतात, त्यांत कुणाकडे कोन मोजण्याचे साधन नसते. तिथे पंचाचा डोळा हाच निकाल मानावा लागतो. आपल्या मुलावर असा आरोप होत असेल तर मोबाईलवर त्याची गोलंदाजी बाजूने आणि समोरून संथ गतीत टिपून प्रशिक्षकाला दाखवणे, एवढे पालकांना सहज करता येते.

एका माणसासाठी नियम बदलणे अन्यायाचे नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की नियम न बदलण्यातही अन्याय असू शकतो. वेस्ट इंडिजचे फिरकी गोलंदाज सोनी रामाधीन यांचे १९५७ मध्ये एजबॅस्टन येथे जे झाले ते पाहावे. यष्ट्यांवर जाणारा चेंडू फलंदाजाने बॅटऐवजी पायाने अडवला तर तो पायचीत होतो. त्या काळच्या नियमात मात्र एक पळवाट होती : पॅड ऑफ साइडच्या, म्हणजे लेग साइडच्या विरुद्ध बाजूच्या, यष्टीच्या बाहेर असताना चेंडू लागला, तर फलंदाजाने बॅट हलवली नसली तरी तो बाद नसे. पहिल्या डावात रामाधीन यांनी ७ बळी घेतले. दुसऱ्या डावात पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी पाय पुढे टाकून टाकून त्यांचा चेंडू पॅडवर घेतला, ४११ धावांची भागीदारी केली आणि रामाधीन यांनी त्या एका डावात ९८ षटके टाकली. पाचशे अठ्ठ्याऐंशी चेंडू! त्यानंतर ते पूर्वीइतके भेदक कधीच राहिले नाहीत. फटका खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करणाऱ्या फलंदाजाला यष्टीच्या बाहेर पॅडवर चेंडू लागूनही पायचीत देण्याची तरतूद १९७० च्या दशकात प्रयोग म्हणून आणि १९८० च्या संहितेत कायमची आली. रामाधीन यांना तिचा काहीही उपयोग झाला नाही.

ज्यांच्यामुळे नियम बदलला नाही, ते थोर नाहीत का?

तसे मुळीच नाही. रणजितसिंहांनी पायावरचा चेंडू मनगटाने हलकेच वळवण्याचा फटका रुजवला, बर्नार्ड बोसांके यांनी गुगली, म्हणजे लेग स्पिनसारखा दिसून उलट वळणारा चेंडू, आणली, आणि त्यासाठी एकही नियम बदलावा लागला नाही. त्यांचा वारसा दुसऱ्यांच्या मनगटांत उतरला. सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या आणि वेगवान माऱ्यासमोर भारतीय फलंदाज उभा राहू शकतो हे एका पिढीला दिसले. १८ जून १९८३ रोजी कपिल देव यांनी झिम्बाब्वेविरुद्ध संघाची अवस्था ५ बाद १७ असताना नाबाद १७५ धावा केल्या नसत्या तर त्या विश्वचषकाचे काय झाले असते, हे सांगता येत नाही. सचिन तेंडुलकर यांच्या शंभर आंतरराष्ट्रीय शतकांनी काय केले हे तर खानदेशातल्या ज्या घरात टीव्ही होता त्या प्रत्येक घराला माहीत आहे. प्रेरणा मोजता येत नाही, नियम वाचता येतो. म्हणून हा लेख नियमांविषयी आहे.

पैसा आणि टीव्ही यांमुळेच नियम बदलतात, असेही कुणी म्हणेल. रात्रीचे सामने, रंगीत कपडे, वर्तुळाच्या अटी यांबाबत ते बरेचसे खरे आहे. महिला खेळाडूंचा ठसा मात्र बाजाराने उमटवलेला नाही. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षे आधी. २०२१ मध्ये एमसीसीने नियमांतील ‘बॅट्समन’ हा शब्द काढून ‘बॅटर’ हा शब्द घातला. मराठीला यात काही बदलावे लागले नाही, कारण ‘फलंदाज’ हा शब्द तो आणि ती दोघांनाही पहिल्यापासून चालतो.

आता मंकड यांच्याकडे

गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या फलंदाजाला नॉन-स्ट्रायकर म्हणतात. त्याने चेंडू सुटेपर्यंत आपल्या रेषेच्या आत राहावे अशी अपेक्षा असते. दोन्ही टोकांच्या रेषांमधील अंतर सुमारे १७.७ मीटर आहे आणि धावचीतचा निकाल अनेकदा बोटभर अंतराने लागतो. अशा वेळी जो आधीच एक मीटर पुढे निघाला आहे त्याला केवढा फायदा होतो, हे कापूस विकणाऱ्याला वेगळे सांगायला नको. काटा शून्यावर न आणता माप सुरू केले की पुढचे सगळे वजन चुकीचे येते.

डिसेंबर १९४७ मध्ये, भारताच्या पहिल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, सिडनीच्या कसोटीत विनू मंकड चेंडू टाकायला आले आणि नॉन-स्ट्रायकर बिल ब्राउन रेषेबाहेर निघालेले दिसताच त्यांनी यष्ट्या पाडल्या. याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउन यांना आधी ताकीद देऊन असेच बाद केले होते. तरीही तिथल्या वर्तमानपत्रांनी मंकड यांच्यावर टीका केली आणि या प्रकाराला त्यांचे नाव चिकटले. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन होते. त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली आणि यात अखिलाडूपणा कसला, असे विचारले.

ज्यांच्या नावाने हा प्रकार हिणवला जाई, ते मंकड कसे खेळाडू होते? १९५२ च्या लॉर्ड्स कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, पहिल्या डावात ७३ षटके टाकून ५ बळी घेतले आणि भारत हरला तरी ती कसोटी मंकड यांची कसोटी म्हणून ओळखली जाते. १९५६ मध्ये मद्रासला पंकज रॉय यांच्यासोबत त्यांनी केलेली ४१३ धावांची सलामीची भागीदारी बावन्न वर्षे विश्वविक्रम होती. अशा माणसाचे नाव फसवणुकीचा समानार्थी शब्द म्हणून वापरले जावे, याला गावसकर यांनी वारंवार विरोध केला आहे. चूक ब्राउन यांची असताना नाव मंकड यांचे का, हा त्यांचा प्रश्न मला अगदी योग्य वाटतो.

ताकीद द्यायला हवी, असा एक आक्षेप उरतो. नियमात ताकिदीची अट नाही. यष्टिरक्षक पुढे सरसावलेल्या फलंदाजाला यष्टिचीत करण्याआधी ताकीद देत नाही, मग गोलंदाजानेच ती का द्यावी? सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्मा यांनी इंग्लंडच्या चार्ली डीन यांना असे बाद करून सामना संपवला, तेव्हाही हाच गदारोळ झाला. तोवर ही तरतूद क्रमांक ४१ च्या नियमात, म्हणजे अनुचित खेळाच्या प्रकरणात होती. त्या घटनेनंतर आठवडाभरात, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, आधीच ठरल्याप्रमाणे ती क्रमांक ३८ मध्ये, साध्या धावचीतच्या नियमात हलवण्यात आली. विनू मंकड १९७८ मध्ये मुंबईत वारले होते, त्याला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती.